टाइप-सी पोर्ट आणि यूएसबी ३: फोनमध्ये नक्की काय मागायचं?

नवीन फोनमध्ये काय काय असायलाच हवं यावर चर्चा सुरू झाली की कोणी हेडफोन जॅक मागतं, कोणी मेमरी कार्डचा स्लॉट, कोणी काढता येणारी बॅटरी, आणि यूएसबीचा विषय निघाला की 'टाइप-सी तर आता सगळ्यात असतंच' म्हणून सगळे पुढे सरकतात. माझं म्हणणं असं की तिथेच जरा थांबा. कारण टाइप-सी म्हणजे फक्त पोर्टचा आकार, आणि त्यातून डेटा किती वेगाने जाणार ते ठरतं मागे यूएसबी २ आहे की यूएसबी ३ त्यावर. दोन्ही पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत पण एवढ्या सर्रास एकत्र बोलल्या जातात की कंपन्यांनाही ते सोयीचंच पडतं, डबड्यावर 'टाइप-सी' छापलं की झालं, पुढे कोणी विचारतच नाही.

आधी आकाराचं बघू. टाइप-सीचं स्पेसिफिकेशन २०१४ च्या ऑगस्टमध्ये पक्कं झालं, उलटसुलट कसंही लागतं, आणि पोर्टमध्ये एकूण २४ पिना असतात, १२ वर आणि १२ खाली. त्यातल्या ८ पॉवर आणि ग्राउंडच्या. मधोमध ४ पिना यूएसबी २ च्या, त्याही खरं तर एकच जोडी, उलटं लावलं तरी चालावं म्हणून दोनदा दिलेली. ८ पिना हायस्पीड डेटाच्या, म्हणजे चार जोड्या. उरलेल्या ४ किरकोळ वाटतात पण त्यातल्या दोन (सीसी पिना) समोर कोण जोडलंय, केबल कुठल्या बाजूने लागलीय, पॉवर किती द्यायची असल्या वाटाघाटी करतात. आता मुद्दा असा की त्या हायस्पीडच्या ८ पिना कंपनीने आत कशालाच जोडल्या नाहीत तरी तो पोर्ट शंभर टक्के टाइप-सीच राहतो, त्यात कुठलाही नियम मोडत नाही. मग उरतं काय तर यूएसबी २, जे २००० साली आलं, ४८० एमबीपीएसवालं (म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट). नळ नवा कोरा आणि मागचा पाइप जुनाच, असा प्रकार.

आणि हे उलट बाजूनेही खरं आहे, ते फार कमी लोकांना आठवतं. सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ३ ला २०१३ मध्ये यूएसबी ३ होतं, तेव्हा टाइप-सी जन्मालाही आलं नव्हतं. तो रुंद, दोन भागांचा विचित्र दिसणारा मायक्रो यूएसबीचा पोर्ट होता, गॅलेक्सी एस५ लाही तोच दिला होता, त्यात साधी मायक्रो यूएसबीची केबलही एका भागात लागायची. म्हणजे टाइप-सी नव्हतं पण ५ जीबीपीएसवालं (सेकंदाला ५ गिगाबिट) यूएसबी ३ होतं. आणि दोनच वर्षांनी २०१५ मध्ये वनप्लस २ आला, टाइप-सी म्हणून गाजावाजा झाला, आणि आत होतं यूएसबी २. आकार पुढे गेला आणि स्पीड मागे आला, असं प्रत्यक्ष घडलेलं आहे.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण मात्र आयफोन १५ चं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ॲपलने लाइटनिंग हा स्वतःचा जुना पोर्ट सोडून चारही मॉडेल्सना टाइप-सी दिलं. बाहेरून पोर्ट तोच. पण १५ आणि १५ प्लसमध्ये यूएसबी २, ४८० एमबीपीएस, आणि १५ प्रो, प्रो मॅक्समध्ये यूएसबी ३, १० जीबीपीएस, म्हणजे कागदावर वीस पटीहून जास्त फरक. प्रोमधल्या ए१७ प्रो चिपमध्ये यूएसबी ३ चा कंट्रोलर घातलाय असं कंपनीने तेव्हाच सांगितलं होतं. आणि गंमत नाही, गंभीरपणे बघण्यासारखी गोष्ट ही की प्रोच्या डब्यातही जी केबल आली ती यूएसबी २ चीच. म्हणजे यूएसबी ३ वाला महागातला फोन घेतला तरी डब्यातलीच केबल वापरणाऱ्या माणसाला तो स्पीड कधी दिसणारच नाही, आणि तो म्हणणार 'काय फरक पडतो, सारखंच तर आहे'.

फरक काय पडतो ते आकड्यात बघा. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून ४८० एमबीपीएस म्हणजे ८ ने भागून सेकंदाला ६० एमबी, तेही कागदावर, प्रत्यक्षात ३५-४० च्या आसपास मिळतात. ४के ६० फ्रेम्सवर व्हिडिओ काढला तर मिनिटाला साधारण ४०० एमबी लागतात, म्हणजे तासाभराचं रेकॉर्डिंग २४ जीबी. यूएसबी २ वर हे उतरवायला दहा-अकरा मिनिटं. ठीक आहे, चहा पिऊन होईल. पण आता फोन २५६ जीबी, ५१२ जीबीचे झालेत, त्यातले २०० जीबी एकदम बॅकअप घ्यायचे तर दीड तास केबल लावून बसा, आणि मध्येच केबल हलली की कुठपर्यंत कॉपी झालं ते शोधत बसा. यूएसबी ३ च्या ५ जीबीपीएसवर, समोरची ड्राइव्ह चांगली असेल आणि सेकंदाला ४०० एमबी जरी मिळाले तरी तेच काम आठ-नऊ मिनिटांत. प्रोरेस (ॲपलचा खूप जड फाइलचा व्हिडिओ प्रकार) व्हिडिओ काढणाऱ्यांचा तर विषयच वेगळा, ४के मध्ये मिनिटाला ६ जीबीच्या आसपास जातात, तिथे यूएसबी २ म्हणजे शिक्षा आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, अँड्रॉइड फोन कॉम्प्युटरला जोडून फाइल्स ओढतो तेव्हा मध्ये एमटीपी नावाचा प्रोटोकॉल असतो आणि तो मुळातच हळू आहे, एकेक फाइल विचारत विचारत जातो. त्यामुळे हजारो छोटे फोटो कॉपी करताना यूएसबी ३ असूनही वीस पट वगैरे काही मिळत नाही. खरा फायदा दिसतो मोठ्या फाइल्सना, किंवा फोनलाच थेट एसएसडी (वेगवान ड्राइव्ह) लावून त्यावर कॉपी केलं तर.

नावांचा गोंधळ तर विचारू नका. २००८ ला यूएसबी ३.० आलं ५ जीबीपीएसचं, पुढे त्यालाच यूएसबी ३.१ जेन १ (जेन म्हणजे जनरेशन, पिढी) म्हणायला लागले, मग परत नाव बदलून यूएसबी ३.२ जेन १. तिन्ही एकच! ३.२ जेन २ म्हणजे १० जीबीपीएस. त्यामुळे '३.२ आहे, ३.० नाही' असं कोणी अभिमानाने सांगितलं तर आधी जेन किती ते विचारा, आणि त्याहून सोपं म्हणजे सरळ जीबीपीएसचा आकडा बघा, नाव सोडून द्या.

हे ओळखायचं कसं? जुन्या चौकोनी यूएसबीत आतलं प्लास्टिक निळं असलं की बहुतेक वेळा यूएसबी ३ असायचं, टाइप-सीत असली काही खूण नाही. फोनच्या स्पेसिफिकेशनच्या पानावर कनेक्टिव्हिटीखाली बारीक अक्षरात 'यूएसबी टाइप-सी २.०' असं लिहिलेलं असतं, तो शेवटचा २.० वाचायचा. नुसतंच 'टाइप-सी' लिहून आकडा गाळला असेल तर मी तरी ते यूएसबी २ धरूनच चालते. केबलचं मात्र डोळ्यांनी बघता येतं. केबलच्या टोकाच्या आत मोबाईलचा टॉर्च मारून बघा, सोनेरी बारीक पट्ट्यांची रांग दिसते. स्वस्तातल्या चार्जिंग केबलमध्ये त्या रांगेत मोकळ्या जागा दिसतात, पट्ट्या कडेला एकदोन आणि मध्ये काही एवढ्याच, हायस्पीडच्या बसवलेल्याच नसतात. असं दिसलं की विषय संपला, ती यूएसबी २ चीच केबल. पण रांग पूर्ण भरलेली दिसली म्हणून यूएसबी ३ आहेच असं नाही हां, पट्ट्या असतात पण वायरमध्ये आत जोडलेल्या नसतात असंही होतं. तिथे केबलवर छापलेला ५ किंवा १० चा आकडा बघणं आणि एक मोठी फाइल कॉपी करून बघणं एवढंच हातात आहे.

आता स्क्रीनचं, म्हणजे फोन केबलने मॉनिटरला लावणं, ज्याला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड म्हणतात. ही तिसरीच गोष्ट आहे आणि ती या दोन्हीत मिसळली जाते. यासाठी त्याच हायस्पीड जोड्या वापरतात पण त्यावरून यूएसबी डेटाऐवजी चित्र पाठवतात. म्हणून साधा आयफोन १५ डेटाला यूएसबी २ असूनही मॉनिटरवर ४के चित्र देतो. आणि उलट पिक्सेल ८ बघा, २०२३ ला आला, यूएसबी ३ होतं, आतलं हार्डवेअर तयार होतं, पण डिस्प्ले आउट सॉफ्टवेअरमधून बंद ठेवलेलं, ते २०२४ च्या जूनच्या अपडेटनंतर चालू झालं. म्हणजे लोकांनी पैसे मोजून घेतलेली सोय आठ महिने कुलपात. मला हे फीचर फोनमध्ये मनापासून हवं वाटतं आणि त्याचं कारण सिनेमा बघणं वगैरे नाही. फोन पडून डिस्प्ले काळा झाला, टच गेला, पण फोन आतून चालू आहे, रिंग वाजतेय. अशा वेळी डिस्प्ले आउट असेल तर टाइप-सी हब लावून एकीकडे मॉनिटर, दुसरीकडे माउस-कीबोर्ड, आणि लॉक उघडता आला तर आतलं सगळं वाचवता येतं. नसेल तर दुरुस्तीच्या खर्चाआधी डेटा निघणारच नाही, आणि ज्याने बॅकअप घेतलेला नसतो त्याच्याच बाबतीत हे घडतं.

चार्जिंगचा वेगही टाइप-सीवरून कळत नाही. आकार सारखा म्हणून कुठलाही चार्जर लागतो, चार्जही होतं, पण किती वॉटने ते फोन आणि चार्जरची भाषा जुळते का यावर. यूएसबी पॉवर डिलिव्हरी (पीडी) ही सगळ्यांची भाषा, पीपीएस हा त्यातलाच बारीक व्होल्टेज बदलू शकणारा प्रकार, सॅमसंगला पूर्ण स्पीडसाठी तोच लागतो, आणि काही कंपन्यांची स्वतःची वेगळीच असते, त्यांचा फोन त्यांच्या चार्जरवर सुसाट आणि दुसऱ्याच्या चार्जरवर रांगत चालतो. केबलमध्येही भेद आहे, साधी सी टू सी केबल ३ अँपिअर म्हणजे ६० वॉटपर्यंत, त्यावर ५ अँपिअर हवे तर केबलमध्ये ई-मार्कर नावाची छोटी चिप लागते. आणि जाड, १०० वॉट लिहिलेली केबल डेटाला यूएसबी २ असू शकते, बहुतेक असतेच. वॉट बघून स्पीडचा अंदाज बांधू नका.

युरोपियन युनियनने २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नवीन फोनना टाइप-सी सक्तीचं केलं, आणि १५ वॉटच्या वर चार्ज होणाऱ्यांना पीडी चालायलाच हवं असंही घातलं, ते फार चांगलं केलं. पण डेटाच्या स्पीडबद्दल त्यात सक्ती नाही. म्हणजे आकाराचं भांडण कायद्याने मिटलं, चार्जिंगचं बरंच मिटलं, आणि स्पीडचं पूर्णपणे कंपनीच्या मर्जीवर राहिलं. म्हणूनच फीचर्सच्या यादीत 'टाइप-सी' लिहिणं आता सोडून द्यायला हवं असं मला वाटतं, ते फोनला बटण आहे असं लिहिण्यासारखं झालंय.

यावर नेहमीचं उत्तर येतं की केबलने डेटा कोण काढतं, सगळं वायफायवर आणि क्लाउडवर जातं. बऱ्याच लोकांपुरतं खरंच आहे, वाद नाही. यूएसबी ३ द्यायला चिपमध्ये कंट्रोलर लागतो, बोर्डवर त्या लाइन्स नीट आखाव्या लागतात, आणि यूएसबी ३ च्या सिग्नलचा २.४ गिगाहर्ट्झच्या वायरलेसला त्रास होतो हेही माहीत असलेलं आहे, त्यामुळे शिल्डिंग करावं लागतं. म्हणजे फुकट काही येत नाही, आणि एकदम स्वस्तातल्या फोनकडून मी हे मागणारही नाही. पण मधल्या किमतीच्या फोनमध्ये जिथे २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा फक्त मागे तीन गोल दिसावेत म्हणून चिकटवतात, तिथे तो काढा आणि ५ जीबीपीएसचा पोर्ट द्या. क्लाउडला दर महिन्याचं भाडं आहे, चांगलं नेट लागतं, अपलोड स्पीड बहुतेकांचा डाउनलोडपेक्षा कमीच असतो, आणि कंपन्या मेमरी कार्डचा स्लॉट एकेक करून काढत चालल्यात. कार्ड पण नाही आणि केबल पण हळू म्हटल्यावर आपलाच डेटा आपल्या फोनमधून बाहेर काढायचा चांगला रस्ता उरतो कुठला? कार्डचा स्लॉट काढणाऱ्या फोनने यूएसबी ३ दिलंच पाहिजे, यावर मी ठाम आहे.

कार्डचा स्लॉट ठेवलेला असेल, पेनड्राइव्ह कधीमधी लावायचा असेल, गाणी ऐकायची असतील, तर यूएसबी २ पुरतं, ओटीजी (फोनला पेनड्राइव्ह वगैरे थेट लावणं) त्यावरही चालतं. फक्त हेडफोनचं डोंगल घेताना डॅक (डिजिटल आवाजाचा ॲनालॉग करणारी चिप) असलेलं घ्या, कारण काही टाइप-सी फोन ॲनालॉग ऑडिओ बाहेर देतच नाहीत आणि साधं डोंगल लावलं की आवाजच येत नाही. तेही पोर्टकडे बघून कळत नाही.