बुधवारचा क्वाकू आणि बिचारा केव्हिन

१९९७ च्या सुमारास अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा खात्यातल्या एका विमागणितज्ञाच्या घरी पाळणा हलणार होता. गृहस्थाचं नाव मायकल. त्याच्या पिढीत हे नाव इतकं बोकाळलं होतं की आपल्या बाळाच्या वाट्याला तरी असं नाव यायला नको, असं त्यानं ठरवलं. खात्याच्या संगणकात देशभरातल्या लोकांची नावं होतीच. ती जन्मवर्षाप्रमाणे मोजणारा एक साधा प्रोग्रॅम त्यानं लिहिला. पुढे ती यादी सगळ्यांसाठी खुली झाली आणि आज १८८० पासूनची नावं कुणालाही चाळता येतात. नाव टाळण्यासाठी बनलेली ही यादी आता लोक नाव शोधायला उघडतात, ही त्यातली गंमत.

या यादीत नाव आहे, वर्ष आहे, आकडा आहे. अर्थाचा रकाना मात्र नाही. आणि खरं सांगायचं तर यादी समजून घेताना त्याची फारशी उणीवही भासत नाही.

१९४७ सालचं लिंडा घ्या. त्या एका वर्षात अमेरिकेत जवळपास १ लाख मुलींचं नाव लिंडा ठेवलं गेलं. स्पॅनिशमध्ये लिंडा म्हणजे सुंदर, पण श्रेय जातं त्या काळात गाजलेल्या याच नावाच्या एका गाण्याला. तेही पूर्ण खरं नाही, कारण गाणं गाजण्याआधीच हे नाव चढणीला लागलं होतं. गाण्यानं फक्त मागून धक्का दिला. २०२३ मध्ये मुलींच्या यादीत पहिली आलेली ऑलिव्हिया मात्र १५ हजारांच्या आसपासच थांबली. बाळं दोन्ही वर्षी साधारण तेवढीच जन्मली होती, ३६ ते ३८ लाख. म्हणजे पहिल्या नंबराचं वजनच उतरलंय. आईबाप आता गर्दीतलं नाव टाळतात आणि टाळताटाळता भलत्याच गर्दीत जाऊन मिसळतात.

हे कसं घडतं? मॅथ्यू हान आणि अ‍ॅलेक्स बेंटली या संशोधकांनी २००३ मध्ये एक फार साधं प्रतिमान मांडलं. समजा, प्रत्येक जोडपं आजूबाजूच्या बाळांपैकी कुणाचंही एक नाव डोळे मिटून उचलतं आणि क्वचित एखादं जोडपं कोरं करकरीत नाव काढतं. आवड नाही, अर्थ नाही, विचारही नाही. एवढ्यावर संगणक चालवला तर जो आकृतिबंध मिळतो तो अमेरिकेतल्या खऱ्या यादीशी छान जुळतो: मूठभर नावं प्रचंड चालतात, हजारो नावं जेमतेम तग धरतात आणि वरची जागा कुणाकडेच कायम राहत नाही. जीवशास्त्रात जनुकांच्या बाबतीत यालाच जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात. महिनोन् महिने खल करून ‘एकमेव’ नाव शोधणाऱ्यांना हे पटायचं नाही, पण दुरून पाहिलं तर आपण सगळे मिळून फासे टाकल्यासारखेच वागतो.

जवळून पाहिलं तर मात्र नाद दिसतो. २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळानं अमेरिकेत हाहाकार माजवला. त्यानंतर कॅटरिना हे नाव साहजिकच मागे पडलं, पण ‘क’च्या ध्वनीनं सुरू होणारी इतर नावं वाढली! महिनोन् महिने बातम्यांत जो ध्वनी आदळत राहिला तो कानाला सवयीचा झाला आणि सवयीचं ते गोड वाटलं. नाव निवडताना कान आधी होकार देतो. अर्थाचं पुस्तक बहुधा नंतर उघडतं, तेही त्या होकारावर शिक्का मारायला.

नाहीतर काही नावं टिकलीच नसती. क्लॉडिया ज्या लॅटिन शब्दावरून आलं त्याचा अर्थ लंगडा. सिसिलियाच्या मुळाशी आंधळा आहे. कॅमेरॉन म्हणजे गेलिक भाषेत वाकडं नाक. हाक मारणाऱ्याच्या मनात यातलं काहीही येत नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असं आपण म्हणतो. इथं उलटा मामला, नावात कथील आणि सोन्याचा भाव.

भाव कोण ठरवतं ते बॉस्टन आणि शिकागोतल्या एका प्रयोगात उघड दिसलं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सुमारे ५ हजार बनावट नोकरीअर्ज पाठवले होते. पात्रता सारख्याच तोलाची, नावं वेगळी: काहींवर एमिली, ग्रेग अशी गोऱ्यांची वाटणारी, काहींवर लकीशा, जमाल अशी कृष्णवर्णीयांची वाटणारी. पहिल्या गटाला साधारण १० अर्जांमागे एक बोलावणं आलं, दुसऱ्याला १५ अर्जांमागे. जमाल म्हणजे अरबीत सौंदर्य. एमिलीचं मूळ लॅटिनमध्ये ‘प्रतिस्पर्धी’च्या जवळ जातं. शब्दकोश बघून नोकरी मिळत असती तर जमालनं बाजी मारली असती.

मग अर्थाला काहीच किंमत नाही? आहे, पण तो ऐकणाऱ्याला कळत असेल तर. घानातल्या अकान समाजात बाळाला जन्मवाराचं नाव मिळतं. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांचा कोफी शुक्रवारचा, घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांचा क्वामे शनिवारचा. प्रत्येक वाराला स्वभावही चिकटवलेला असतो. सोमवारचा क्वाद्वो शांत, बुधवारचा क्वाकू तापट. मानसशास्त्रज्ञ गुस्ताव याहोदा यांनी १९५४ मध्ये अकानांपैकीच अशांती नावाच्या जमातीतल्या मुलांच्या बालन्यायालयातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा मारामारीसारख्या गुन्ह्यांत क्वाकू अपेक्षेपेक्षा जास्त निघाले आणि क्वाद्वो एकूणच कमी. हा मुलगा तापट, असं धरून चालणारं घर, शेजार आणि कदाचित पोलीसही; तसाच तो झाला की तसाच तो पकडला गेला, हे नोंदींवरून सांगता येत नाही.

अशा आकड्यांपुढे जरा दबकूनच उभं राहावं. २००२ मध्ये काही अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की डेनिस नावाचे लोक डेंटिस्ट जास्त होतात. बातमी म्हणून झकास. २०११ मध्ये उरी सिमनसन यांनी तपासलं तर वकिलांतही डेनिस तितकेच जास्त! मूळ अभ्यासात डेनिसच्या तुलनेला घेतलेलं वॉल्टर हे नाव आधीच्या पिढीचं. बरेच वॉल्टर एव्हाना निवृत्त झाले होते, एवढंच.

जपानमध्ये नाव चित्रलिपीत लिहितात, त्यामुळे अर्थ समोरच दिसतो. तिथं १९९३ मध्ये एका जोडप्यानं मुलासाठी अकुमा, म्हणजे सैतान, हे नाव नोंदवायला दिलं. नावातली दोन्ही चिन्हं सरकारमान्य यादीत होती, नियमात बोट ठेवायला जागा नव्हती. तरीही प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि शेवटी मुलाला दुसरं नाव मिळालं.

जर्मनीत केव्हिनला मात्र कुणी अडवलं नाही. आयरिश मुळातला अर्थ देखणा, सौम्य. १९९१ मध्ये मुलांच्या यादीत पहिला नंबर. हे नाव ठेवणाऱ्यांत कमी शिकलेल्या घरांचं प्रमाण मोठं आहे, असा समज हळूहळू पसरला आणि केव्हिन हा टिंगलीचा विषय झाला. २००९ मध्ये ओल्डेनबर्ग विद्यापीठातल्या एका अभ्यासात प्राथमिक शिक्षकांना नावांबद्दल विचारलं, तेव्हा केव्हिनशी त्यांनी दांडगाई आणि कच्चा अभ्यास जोडला. एका शिक्षकानं तर लिहिलं: केव्हिन हे नाव नाही, रोगाचं निदान आहे. वर्गाचा पहिला दिवस डोळ्यांपुढे आणा. हजेरीचा कागद हातात, मुलं अजून दारातून आत यायचीत आणि तिसऱ्या ओळीवर नजर अडकून कपाळाला आठी पडलेली.

१९९१ चे ते केव्हिन आता पस्तिशीला आलेत. त्यातले काही स्वतःच हजेरी घेत असतील.