न्यूट्रल कोर्ट आणि आधीच ठरलेलं कोर्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

मार्च उजाडला की अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलच्या कॉन्फरन्स टुर्नामेंट (कॉन्फरन्स म्हणजे काही कॉलेजांची मिळून एक लीग) सुरू होतात आणि दरवर्षी आमच्या मित्रमंडळींत कोणीतरी हमखास म्हणतं, "अगं ठिकाण तर वर्षभर आधीच जाहीर झालं होतं, मग न्यूट्रलच झालं ना!" नाही झालं. हे मी इतक्यांदा समजावलंय की आता एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

न्यूट्रल म्हणजे काय हे क्रिकेट बघणाऱ्यांना सांगायला नको. खेळणाऱ्या दोघांपैकी कोणाचंच घर नाही, बस.

आधीच ठरलेलं म्हणजे कोण पात्र ठरणार हे माहीत नसताना लीगनं एक हॉल पक्का करून टाकला. तो हॉल कोणाचा, याबद्दल या शब्दांत काहीच नाहीये. कधी ठरलं हा एक प्रश्न आणि घर कोणाचं हा दुसरा, आणि लोक पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवतात. आयपीएलमध्ये हे आपल्याला बरोब्बर कळतं. २०२२ ची फायनल अहमदाबादला होणार हे प्लेऑफच्या आधीच ठरलं होतं, पोचली गुजरात टायटन्सच आणि जिंकलीही. पुढच्या वर्षी परत तिथंच, परत गुजरात, फक्त यावेळी चेन्नईनं हरवलं. आधी ठरलं होतं म्हणून अहमदाबाद गुजरातचं घर राहिलं नाही असं कुठंय?

एवढं का लावून धरते, तर एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या देशभरच्या मोठ्या स्पर्धेचं थेट तिकीट कॉन्फरन्स टुर्नामेंट जिंकणाऱ्याला मिळतं, आणि लहान लीगमधून बहुतेक वेळा तेवढी एकच टीम जाते. म्हणजे अख्ख्या सीझनची कमाई दोन-तीन दिवसांत एका कोर्टावर पणाला लागते. आणि घर-बाहेरचा फरक एनसीएए स्वतः मोजते. पहिल्या क्वाड्रंटमधला, म्हणजे सगळ्यात वजनदार गटातला विजय धरायचा तर घरी समोरची टीम क्रमवारीत पहिल्या ३० मधली लागते, न्यूट्रलवर पहिल्या ५० मधली चालते आणि बाहेर जाऊन जिंकलात तर पहिल्या ७५ मधली.

आता आयव्ही लीग (हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, पेन वगैरे कॉलेजांची) बघा, कारण माझा सगळा राग तिथंच आहे. २०१६ पर्यंत त्यांच्याकडे टुर्नामेंटच नव्हती, सीझनमध्ये पहिला येणारा जायचा. २०१७ ला चार टीमची सुरू केली आणि ठिकाण ठरवलं फिलाडेल्फियाचं पॅलेस्ट्रा. इमारत १९२७ ची, बाकं कोर्टाला अगदी खेटून, बास्केटबॉलवेड्यांचं देवस्थानच म्हणा, पण ते पेन (पेनसिल्व्हेनिया) युनिव्हर्सिटीचं होम कोर्ट आहे. त्या वर्षी प्रिन्स्टन लीगमध्ये १४-० होती, एकही मॅच हरली नव्हती, आणि सेमीफायनलला समोर आली चौथ्या नंबरची पेन, पेनच्याच घरात. मॅच ओव्हरटाइमला गेली, शेवटी प्रिन्स्टननं ७२-६४ अशी काढली आणि मग फायनलही जिंकली, पण जवळजवळ गेलंच होतं. पहिल्या नंबरच्या टीमनं चौथ्या नंबरच्या घरी जाऊन खेळायचं, हे कुठल्या हिशोबात बसतं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पुढच्या वर्षी परत पॅलेस्ट्रा. पेन आणि हार्वर्ड दोघांचे १२-२, टायब्रेकरनं पहिला सीड (सीझनवरून ठरलेला पहिला नंबर) हार्वर्डला, फायनल ६८-६५ नं पेनला. २०१९ ला टुर्नामेंट येलच्या जिममध्ये, परत हार्वर्ड पहिला सीड, फायनल येलनं ९७-८५ अशी घेतली. लागोपाठ दोन वर्षं पहिला सीड यजमानाच्या कोर्टावर हरला. पेन किंवा येल चांगली खेळली नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये, फक्त त्या कोर्टांना न्यूट्रल म्हणू नका.

एका लहान लीगची अशीच सेमीफायनल मी स्वतः जाऊन बघितलीय, यजमानाच्या जिममध्ये. पाहुण्या टीमची मुलं बसमधून पाय मोकळे करत उतरली आणि त्याच वेळी यजमान टीमचा एक मुलगा हॉस्टेलवरून पाठीला सॅक लावून चालत आला, आदल्या रात्री स्वतःच्या पलंगावर झोपलेला, कॅन्टीनमध्ये रोजचं जेवलेला. रिंगच्या मागची भिंत किती लांब दिसते, वर दिवे कुठं आहेत, बॉल कुठल्या फळीवर जरा कमी उसळतो, हे त्याला रोजच्या प्रॅक्टिसनं पाठ. पाहुण्यांचा फ्री थ्रो असला की समोर पन्नास-साठ पोरं हात हलवत उड्या मारणार, यजमानांचा असला की टाचणी पडली तर ऐकू येईल. ठिकाण वर्षभर आधी ठरलं म्हणून यातलं काय कमी होतं?

उलटा गोंधळही तितकाच, की कॅम्पसवरची जिम म्हणजे घरचं आणि शहरातला मोठा अरीना म्हणजे न्यूट्रल. लास व्हेगास घ्या. वेस्ट कोस्ट कॉन्फरन्सची टुर्नामेंट पूर्वी मेंबर कॉलेजांच्या जिममध्ये व्हायची. २००८ ला सॅन डिएगो युनिव्हर्सिटी यजमान होती आणि तिनं फायनलला गोंझागाला हरवून तिकीट नेलं. २००९ पासून ते व्हेगासच्या ऑर्लिन्स अरीनाला गेले. लीगमधलं एकही कॉलेज व्हेगासचं नाही, म्हणजे खरंखुरं न्यूट्रल. आणि स्ट्रिपच्या, म्हणजे कसिनोंच्या मुख्य रस्त्याच्या, दुसऱ्या बाजूला, त्याच ट्रॉपिकाना अव्हेन्यूवर, थॉमस अँड मॅक सेंटर, तिथं माउंटन वेस्ट या दुसऱ्या लीगची टुर्नामेंट. आता हे यूएनएलव्हीचं (व्हेगासच्याच नेवाडा युनिव्हर्सिटीचं) होम कोर्ट आणि यूएनएलव्ही माउंटन वेस्टमध्येच! मध्ये २००४ ते २००६ ते डेन्व्हरला गेलेही होते, २००७ ला परत आले, आणि २००७ आणि २००८ दोन्ही वर्षी कोण जिंकलं? यूएनएलव्ही. त्यानंतर २०२५ पर्यंत एकदाही नाही जिंकली हेही खरंय, म्हणजे घर असलं की कप मिळतोच असं नाही, पण कप नाही मिळाला म्हणून घर परकं होत नाही. एकच शहर, एकच रस्ता, एक हॉल न्यूट्रल आणि दुसरा नाही, कारण न्यूट्रल असणं इमारतीवर ठरत नाही, आत कोण खेळतंय त्यावर ठरतं.

२००८ चीच दुसरी गोष्ट. अटलांटात एसईसी (साउथईस्टर्न कॉन्फरन्स) या लीगची टुर्नामेंट चालू असताना जॉर्जिया डोमला टॉर्नेडोचा तडाखा बसला आणि उरलेल्या मॅचेस जॉर्जिया टेकच्या कॅम्पसवरच्या जिममध्ये हलवल्या. ठिकाण आयत्या वेळी ठरलं, तेही कॅम्पसवर, आणि तरीही शंभर टक्के न्यूट्रल, कारण जॉर्जिया टेक त्या लीगमध्ये नाहीच. तिथं जॉर्जिया युनिव्हर्सिटीनं (ही वेगळी, एसईसीतली) एका शनिवारात दोन मॅचेस जिंकल्या आणि रविवारी फायनल.

बाकी तिकिटं, हॉटेलं, पार्किंग हे फरक आहेत, चालायचंच. कॅन्सस युनिव्हर्सिटीचे लोक जवळच्या कॅन्सस सिटीत बिग ट्वेल्व्ह लीगच्या टुर्नामेंटला स्टेडियम भरून टाकतात, ती तक्रार गर्दीची आहे, घराची नाही. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन मात्र मला खटकतं. बिग ईस्ट लीगची टुर्नामेंट १९८३ पासून तिथं आहे आणि त्याच लीगमधली सेंट जॉन्स आपल्या बऱ्याच घरच्या मॅचेस तिथंच खेळते. एनसीएएचा मोठ्या स्पर्धेसाठीचा नियम असा की सीझनमध्ये एखाद्या कोर्टावर तीनपेक्षा जास्त मॅचेस खेळलात तर तिथं तुम्हाला टाकणार नाहीत. तीच फूटपट्टी इथं लावा ना.

माझं विचाराल तर लहान लीगनं पॅट्रियट लीगसारखं करावं, ज्याचा सीड वरचा त्याच्या घरी मॅच. तेही न्यूट्रल नाहीच, पण तो फायदा सीझनभर खेळून कमावलेला असतो. सगळ्यांना एकाच जागी आणायचं असेल तर ऑर्लिन्ससारखी परकी जागा शोधा. मेंबरचं घर आधीच ठरवून टाकायचं, हा सगळ्यात वाईट प्रकार.

यावर आयव्हीवाले म्हणतात की रोटेशन आहे, आज याचं घर तर उद्या त्याचं, शेवटी सगळं सारखं होतं. हार्वर्डला विचारा. २०१८ ला पेनच्या घरी हरले, २०१९ ला येलच्या घरी हरले, २०२० ला त्यांची स्वतःची पाळी आली तर कोविडनं टुर्नामेंटच रद्द, २०२१ ला सीझनच नाही. शेवटी २०२२ ला हार्वर्डच्या जिममध्ये टुर्नामेंट झाली तेव्हा त्यांची पुरुषांची टीम पहिल्या चारात नव्हती, आणि २०१८ ची सीनियर मुलं केव्हाच पदवी घेऊन गेली होती.