कंपन्या एक झाल्या, पगार कधी एक होणार? अमेरिकेतल्या रिजनल पायलटांसाठी अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

अमेरिकेत छोट्या शहरांतले प्रवासी मोठ्या विमानतळांवर आणून सोडणाऱ्या कंपन्यांना रिजनल एअरलाइन म्हणतात. विमानावर रंग युनायटेडचा किंवा डेल्टाचा आणि तिकीटही त्यांचंच, पण पायलटाच्या पगारपत्रकावर कंपनीचं नाव भलतंच असतं. एप्रिल २०२५ मध्ये अशाच दोन कंपन्यांनी, रिपब्लिक एअरवेज आणि मेसा यांनी, विलीनीकरण जाहीर केलं. तेव्हा रिपब्लिकच्या पायलटांची संघटना टीमस्टर्स ही कामगार संघटना, मेसाच्या पायलटांची अल्पा, म्हणजे एअर लाइन पायलट्स असोसिएशन. म्हणजे घर एक आणि आत संघटना दोन, वेतनकरार दोन, ज्येष्ठता याद्याही दोन.

आपल्याकडे एसटीच्या संपात विलीनीकरण हीच मागणी होती. तिथे विलीनीकरण मालक ठरवतात आणि कामगाराची कागदपत्रांची धावपळ त्यानंतर सुरू होते. ही धावपळ तीन वेगळ्या फायलींची असते: संघटना कोणती, पगार किती, आणि यादीत नंबर कितवा. या तिन्हींची गल्लत करणारे पायलट तिथेही भरपूर आहेत, म्हणून एकेक फाइल उघडून पाहू.

आधी कायदा

हा सगळा कारभार १९२६ च्या रेल्वे लेबर ॲक्टखाली चालतो. नाव रेल्वेचं असलं तरी १९३६ पासून तो विमान कंपन्यांनाही लागू आहे. त्यातली मेख अशी की वेतनकराराची मुदत संपली तरी करार संपत नाही. तो फक्त दुरुस्तीला मोकळा होतो आणि नवा होईपर्यंत जुनेच दर चालू राहतात. ठरलेल्या पायऱ्या पूर्ण झाल्याशिवाय संघटनेला संप करता येत नाही आणि कंपनीलाही अटी बदलता येत नाहीत. कागदावर हे दोघांना सारखंच बांधतं. पण जुन्या दराने काम करून घेताना वेळ कुणाच्या बाजूने जातो, हे सांगायला नको.

फाइल पहिली: संघटना कोणती

विलीनीकरणानंतर दोन्ही संघटना आपापल्या पायलटांच्या वतीने कायम बोलू शकत नाहीत. कायदा पदवर्गनिहाय एकच प्रतिनिधी मानतो आणि सगळे पायलट मिळून एक पदवर्ग. हा निर्णय वॉशिंग्टनचं नॅशनल मिडिएशन बोर्ड (एनएमबी) देतं. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आणि सिनेटने मंजूर केलेल्या तीन सदस्यांचं हे मंडळ.

दोन कंपन्या खरोखर एक झाल्या का, हे बोर्ड आधी तपासतं. वेळापत्रक एकत्र छापलं जातं का, गणवेश आणि विमानावरची चिन्हं सारखी झाली का, क्रूचं शेड्युलिंग आणि डिस्पॅच (उड्डाणांचं नियोजन आणि देखरेख) एका जागेवरून होतं का, कामगारविषयक निर्णय एकच विभाग घेतो का, संचालक आणि मालकी सामायिक आहे का, अशा बाबी पाहिल्या जातात. शेअरचा व्यवहार झाला म्हणजे ही अट पूर्ण झाली असं नाही. विमानं वर्षभर वेगळ्या रंगांत आणि वेगळ्या व्यवस्थापनाखाली उडत असतील तर ही फाइल तिथेच थांबू शकते.

अर्ज एनएमबी-३ या नमुन्यात करायचा. त्यात पदवर्गाचं वर्णन, अर्जदार संघटनेचं नाव, सध्याच्या संघटनेचं नाव आणि कर्मचाऱ्यांची अंदाजे संख्या लागते. खाली संघटनेच्या प्रमुखाची किंवा अधिकृत पदाधिकाऱ्याची सही हवी. सोबत पायलटांची संमतिपत्रं जोडायची. २०१२ च्या दुरुस्तीपासून किमान ५० टक्के पायलटांचा पाठिंबा दाखवावा लागतो. (महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात मान्यतेसाठी सहा महिने सलग ३० टक्के सभासदसंख्या पुरते, त्यावरून अंदाज घ्या.) संमतिपत्रावर पायलटाने स्वतः सही करून तारीख टाकलेली हवी, आणि ती तारीख अर्जाआधीच्या एका वर्षातली असावी. सहीचे नमुने कंपनी पुरवते, पडताळणी बोर्डाचा तपासनीस करतो, आणि कुणी सही केली हे कंपनीला कळत नाही. विलीनीकरणात आधीच्या संघटनेचं मान्यतापत्र हाही प्रतिनिधित्वाचा पुरावा धरला जातो.

मतदानाला कोण पात्र? अर्ज पोचण्याआधी संपलेल्या शेवटच्या पगारकालावधीचा शेवटचा दिवस ही कटऑफ तारीख. त्या दिवशी जो पायलट म्हणून कामावर आहे, तो पात्र. कामाअभावी तात्पुरता घरी बसवलेला, पण परत बोलावला जाण्याचा हक्क शाबूत असलेला पायलटही पात्र. फक्त ट्रेनिंगमध्ये असलेला आणि एकही नियमित फेरी न केलेला उमेदवार मात्र बाहेर, व्यवस्थापनातले अधिकारीही बाहेर. २०१० पासून पडलेल्या मतांच्या बहुमतावर निकाल लागतो. त्याआधी न दिलेलं मत संघटनेच्या विरोधात धरलं जायचं, म्हणून जुने पायलट अजूनही 'मत दिलं नाही तरी चालतं' म्हणतात. आता चालत नाही.

फाइल दुसरी: पगार

इथे एकट्या पायलटाला अर्जच करता येत नाही. संघटना किंवा कंपनी दुसऱ्या पक्षाला लेखी नोटीस देते, किमान ३० दिवस आधी. ही कलम ६ ची नोटीस. ती मिळाल्यापासून १० दिवसांत बैठकीची वेळ आणि जागा ठरवायची, आणि बैठक त्या ३० दिवसांच्या आतच सुरू व्हायला हवी.

बोलणी फिसकटली तर कोणताही पक्ष एनएमबी-२ नमुन्यात मध्यस्थीचा अर्ज करू शकतो. त्यात वादाचं नेमकं स्वरूप, संबंधित कर्मचाऱ्यांची संख्या, चालू कराराची तारीख, नोटिशीची तारीख आणि प्रत, आणि शेवटची बैठक कधी झाली, एवढं द्यावं लागतं. सही संघटनेच्या किंवा कंपनीच्या सर्वोच्च अधिकाऱ्याची. सगळ्यात मोठा सापळा इथेच आहे. बैठका संपल्यावर १० दिवस कुणीच बोर्डाकडे गेलं नाही आणि बोर्डानेही स्वतःहून हात घातला नाही, तर 'जैसे थे'चं संरक्षण संपतं. चर्चा थांबल्याची तारीख वहीत लिहून ठेवा, असं जुने संघटनावाले सांगतात ते उगाच नाही.

मध्यस्थीला कालमर्यादा नाही, ती वर्षानुवर्षं चालू शकते. यश येत नाही असं बोर्डाला वाटलं तर ते लवाद सुचवतं. एका पक्षाने जरी नाकारला तरी ३० दिवसांचा शांतता काळ सुरू होतो आणि तो संपल्यावर संपाची वाट मोकळी होते. देशाच्या एखाद्या भागाची अत्यावश्यक वाहतूक तुटणार असेल तर राष्ट्राध्यक्ष आणीबाणी मंडळ नेमून ती लांबवू शकतात. या पायऱ्या चढून गेलेला रिजनल पायलटांचा गाजलेला संप म्हणजे डेल्टाच्या मालकीच्या कॉमएअरचा. तो २६ मार्च २००१ ला सुरू झाला आणि ८९ दिवस चालला.

आकडे वाचताना जपून. जून २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या एन्व्हॉय आणि पीडमाँटने पहिल्या वर्षाच्या सहवैमानिकाला तासाला ९० डॉलर जाहीर केले, त्यातला काही भाग तात्पुरता भत्ता होता. आपल्याकडे लोक लगेच आठ तासांनी गुणतात. पण पैसे प्रामुख्याने विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभं राहीपर्यंतच्या वेळेचे मिळतात, आणि ३६५ दिवसांत १,००० तासांपेक्षा जास्त उड्डाणाला परवानगीच नाही. महिन्याला समजा ७५ तासांची हमी असेल, तर ९० च्या दराने ६,७५० डॉलर होतात. गेटवर ताटकळलेले चार तास त्या हिशेबात धरले जात नाहीत.

ही वाढ पायलट मिळेनासे झाले म्हणून आली, कुठलीही फाइल पुढे सरकली म्हणून नव्हे. उलटही घडतं. पिनॅकल एअरलाइन्स या रिजनल कंपनीने २०१० मध्ये मेसाबा ही दुसरी रिजनल कंपनी विकत घेतली, कोल्गन ही तिसरी तिच्याकडे आधीच होती. तिन्हीकडे अल्पा असल्याने २०११ मध्ये सामायिक करार झाला. १ एप्रिल २०१२ ला कंपनी दिवाळखोरीत गेली आणि पुढे पायलटांना कपात मान्य करावी लागली. रिजनल कंपनीला दर उड्डाणामागे पैसे मोठी कंपनी देते. ती स्वस्त कंपनीकडे वळली की करारातला दर कागदावरच उरतो.

फाइल तिसरी: यादीतला नंबर

माझ्या मते तिन्हींत ही फाइल सगळ्यात मोलाची. विमान कोणतं, कॅप्टनची खुर्ची कधी, बेस (ड्युटी सुरू होण्याचं विमानतळ) कुठला, दिवाळीला सुट्टी मिळणार का, सगळं या एका नंबरावर ठरतं. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही विमान कंपनी घेतली तेव्हा टीडब्ल्यूएच्या हवाई सेविका यादीच्या तळाशी टाकल्या गेल्या. त्या प्रकरणातून २००७ चा मॅककॅस्किल-बाँड कायदा आला. याद्या 'न्याय्य आणि समतोल' पद्धतीनेच जोडायच्या, असं तो सांगतो. २० दिवसांत तडजोड झाली नाही तर कोणताही पक्ष लवादाकडे जाऊ शकतो, आणि लवाद बोर्डाने दिलेल्या सात नावांतून निवडला जातो. दोन्हीकडे एकच संघटना असेल तर तिचे अंतर्गत नियम लागू होतात. अल्पाच्या नियमांत करिअरच्या अपेक्षा, सेवेची लांबी आणि हुद्दा व विमानप्रकार असे तीन निकष आहेत, त्यांना क्रम नाही.

इथे पायलटाने स्वतः करण्यासारखं बरंच आहे. प्रत्येक कंपनीची प्रमाणित यादी निघते तेव्हा रुजू तारीख, जन्मतारीख, पद, विमानप्रकार आणि रजेच्या नोंदी मुदतीत तपासा. हाताशी ठेवायची कागदपत्रं: नेमणूकपत्र, प्रशिक्षण पूर्ण झाल्याचा दाखला, घरी बसवल्याचं आणि परत बोलावल्याचं पत्र, लष्करी किंवा वैद्यकीय रजेचे आदेश, बढतीचं पत्र. एकाच दिवशी रुजू झालेल्या तुकडीत क्रम कसा लावला होता, त्याचाही कागद जपा. चूक दिसली तर तोंडी सांगू नका, लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. लवादाचा निवाडा आल्यावर रुजू तारखेतला एका दिवसाचा फरक दुरुस्त करून घेणं फार अवघड जातं.