गाठ सोडवणारे विकर

जनुकावरून उतरवलेल्या आरएनए प्रतीत प्रथिनाच्या संकेताशी संबंध नसलेले तुकडे मध्ये मध्ये येतात. त्यांना इंट्रॉन म्हणतात. ते कापले जाताना प्रत्येक इंट्रॉनचे पुढचे टोक त्याच्याच पोटातल्या एका ॲडेनोसिनला जाऊन चिकटते, त्यामुळे बाहेर पडतो तो सरळ धागा नसून मागे शेपूट राहिलेला फास असतो. आरएनएमधील नेहमीचा दुवा एका शर्करेच्या तिसऱ्या कार्बनपासून दुसरीच्या पाचव्या कार्बनपर्यंत जातो. फासाच्या गाठीत मात्र तो दुसऱ्या कार्बनवरून निघतो, आणि टोकाकडून आरएनए कुरतडत येणारी विकरे तिथे अडतात. ही गाठ तोडणारी क्रिया १९८५ साली प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी हेला पेशींच्या अर्कात आढळली होती, पण ती करणाऱ्या विकराचे जनुक हाती नव्हते.

ते सापडले बेकरीच्या यीस्टमध्ये, आणि तेही दुसरेच काही शोधताना. यीस्टच्या जीनोममध्ये टीवाय१ नावाचा एक उपरा घटक असतो. तो स्वतःच्या आरएनएवरून डीएनए प्रत करून ती जीनोममध्ये अन्यत्र घुसवतो. ज्यांत ही घुसखोरी मंदावली आहे अशी उत्परिवर्तित यीस्ट केरन चॅपमन आणि जेफ बूके शोधत होते. त्यांतल्या एका यीस्टमध्ये इंट्रॉनचे फास न तुटता साचून राहिलेले दिसले. बिघडलेल्या जनुकाला डीबीआर१ हे नाव मिळाले आणि हे काम १९९१ साली प्रसिद्ध झाले. टीवाय१मध्ये स्वतःचा इंट्रॉन नाही, म्हणून हा संबंध मला आजही विलक्षण वाटतो. पुढे जिवाणूंकडून बनवून घेतलेले या जनुकाचे प्रथिन परीक्षानळीत एकट्यानेच गाठ तोडते, हे सिद्ध झाले; धातूचे आयन वापरून फॉस्फेटचे बंध तोडणाऱ्या विकरांच्या कुळातले ते आहे.

हे जनुक काढून टाकले तरी बेकरीचे यीस्ट जवळपास नेहमीसारखेच वाढते. याचे एक कारण असे असावे की त्याच्या सुमारे सहा हजार जनुकांपैकी जेमतेम पाच टक्क्यांतच इंट्रॉन असतात. इंट्रॉनांची संख्या कितीतरी जास्त असलेल्या विखंडन यीस्ट या दुसऱ्या जातीची वाढ मात्र डीबीआर१ नसल्यास स्पष्टपणे खुंटते.

माणसाच्या बाबतीत चित्र दुहेरी आहे. एएलएस या चेताविकारात गोळा होणारे टीडीपी-४३ हे प्रथिन यीस्टमध्ये अतिरेकी प्रमाणात बनवले तर ते विषारी ठरते. पण डीबीआर१ काढल्यावर पेशीद्रवात साचलेले फास त्या प्रथिनाला अडकवून ठेवतात आणि यीस्ट तगते, असे २०१२ साली दिसून आले. उलट, २०१८ साली ज्या मुलांमध्ये हे विकर जन्मतःच दुबळे असल्याचे आढळले, त्यांना विषाणूंमुळे मस्तिष्कस्तंभाचा गंभीर दाह झाला होता.