हुकूम कुणाचा? लष्करातल्या मेंढीकोटाची कुळकथा

मेंढीकोट शिकवायला बसली की आमची आत्या आधी पत्ते वाटायचीच नाही. गठ्ठ्यातून चार दश्श्या काढून चटईवर उताण्या मांडायची. “या चार मेंढ्या. बाकीची अठ्ठेचाळीस पानं एकतर यांची राखणदार, नाहीतर चोर.” एवढं बजावून झालं की मग पिसणं, काटणं, वाटणं. ग्वाल्हेर शहराच्या लष्कर नावाच्या भागात मे महिन्यात दुपारी बाहेर लू वाहत असते, त्यामुळे पोरं घरात कोंडलेलीच असायची आणि शिकवणीला खाडे पडत नसत.

खेळ सांगायला सोपा आहे. चौघे बसतात, समोरासमोरचे दोघे भिडू. प्रत्येकी तेरा पानं, पाच-चार-चार अशा झुपक्यांनी. ज्या जातीची उतारी झाली, म्हणजे जिचं पहिलं पान पडलं, तीच टाकायची. ती हातात नसली तरच दुसरी. कट हुकुमात, अशी पहिल्यांदा जी दुसरी जात पडेल तीच त्या डावाचा हुकूम, म्हणजे बाकी जातींना मारणारी जात. बंद हुकुमात वाटणाऱ्याच्या उजवीकडचा गडी हुकुमाचं एक पान पालथं ठेवतो आणि जो अडेल तो ते उघडायला लावतो. तीन मेंढ्या आणल्या तर डाव आपला. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे सात हात त्यांचा. चारही आणल्या की मेंढीकोट. तेराच्या तेरा हात केले तर बावन पानी कोट, आणि तो ज्यांच्यावर बसला त्यांनी सरबत करून आणायचं, हा आमच्या घरचा कायदा.

शेजारच्या हिंदीभाषक घरात हाच खेळ ‘दहला पकड’ नावाने चालतो. तिथला मुलगा माझा भिडू झाला आणि पहिल्याच दिवशी आम्ही हरलो. शिकाऊ डाव असल्याने विचारायला मुभा होती. त्याने विचारलं, “हुकुम का दहला निकल गया?” बदाम हुकूम होता, बदामाची दश्शी गेलेली होती, मी म्हटलं, गेली. त्याने बिनधास्त इस्पिकचा एक्का उधळला आणि त्यावर पडली तीन फुटकळ पानं. पुढच्याच फेरीला इस्पिकची दश्शी समोरच्यांनी आपल्याच राजावर आरामात चढवली. माझ्या भिडूने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुद्दाम फसवलं. चूक दोघांचीही नव्हती. मराठीत हुकूम म्हणजे त्या डावात वरचढ ठरलेली जात. हिंदीत हुकुम म्हणजे इस्पिक, आणि आपल्या हुकुमाला ते तुरुप म्हणतात. पानाचंही तेच. आपल्याला बावन्नच्या बावन्न पानं, त्यांना पान म्हणजे फक्त बदाम. आपली चौकट त्यांची ईंट, आपलं किलवर त्यांची चिडी.

एकाच चटईवर शब्दांचे दोन संच कसे आले, याचं मूळ शोधत गेलं की पत्त्यांचा प्रवास दिसू लागतो, आणि तो एका रस्त्याने झालेला नाही.

जुना रस्ता गंजिफाचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांचा. 1527 साली बाबराने सिंधमधल्या ठट्ट्याच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्या, अशी नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. शाह हसनला त्यांची आवड होती आणि त्याने त्या मागवल्या होत्या. अकबराच्या दरबारातल्या बारा जातींच्या, म्हणजे 144 पानांच्या जोडाचं वर्णन अबुल फजलने केलं आहे. पुढे रूढ झालेली मोगली गंजिफा 96 पानांची. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश अशा आठ जाती, आणि प्रत्येकीत मीर, वजीर व दहा साधी पानं. आपल्याकडे दशावतारी गंजिफा झाली, 120 पानांची. सावंतवाडीचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. पण ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरलाही गोल गंजिफा रंगवल्या जात, हे आमच्या लष्करातल्या मराठी घरांतसुद्धा फार थोड्यांना माहीत आहे. दशावतारीत दिवसा खेळलात तर पहिली उतारी रामाची, रात्री कृष्णाची. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आणि दिवेलागणीला?”

गंजिफात हात करणं होतंच, पण तिघे खेळत आणि तिघेही एकमेकांचे वैरी. भिडू नाही. इतर सगळ्या जातींवर मारा करणारी अशी एखादी जातही नाही. मेंढीकोटाचा जीव ज्या दोन गोष्टींत आहे त्या नेमक्या इथे सापडत नाहीत.

त्या दुसऱ्या रस्त्याने आल्या. इजिप्तमध्ये मामलुक सुलतानांच्या काळात चार जातींचे पत्ते खेळले जात. त्यांतली चित्रपानं राजा, नायब आणि दुय्यम नायब. तिथल्या पंधराव्या शतकातल्या बखरकाराने या खेळाला ‘कंजिफा’च म्हटलं आहे, म्हणजे घराणं एकच. हे पत्ते युरोपात शिरले आणि 1377 मध्ये फ्लॉरेन्सने त्यांच्यावर बंदी घातली, तेव्हा त्यांचं नाव होतं ‘नाइब्बे’. आपल्याकडे आजही नायब तहसीलदार असतात, त्यातलाच हा नायब. पुढे पंधराव्या शतकात इटलीत बाकी पानांना हरवणारी खास पानं आली, ‘त्रिओन्फी’, म्हणजे विजय. त्यातून इंग्रजीतला ट्रम्प निघाला. डच लोक त्याच गोष्टीला ‘ट्रूफ’ म्हणत. बंगालीत हरतन, रुइतन, इस्कापन ही पानांची नावं सरळ डच व्यापाऱ्यांकडून आलेली आहेत, तुरुपही त्याच गलबतातला.

इंग्लंडात चौघांचा, दोन जोड्यांचा, तेरा हातांचा व्हिस्ट इतका माजला की 1742 मध्ये एडमंड हॉइलने त्यावर लिहिलेली पुस्तिका एका गिनीला विकली गेली. इंग्रज जिथे गेला तिथे व्हिस्ट गेला, आणि आमच्या शहराला लागून असलेल्या मुरारच्या छावणीत इंग्रजी फौज 1886 पर्यंत होती. विलायतेहून येणाऱ्या पत्त्यांत ‘ग्रेट मोगल’ नावाचा माल असे, वेष्टनावर मोगल बादशहाचं चित्र. गंजिफा मागे पडल्या त्या बादशहाचं चित्र पाकिटावर घेऊन आलेल्या पत्त्यांपुढे, याची मला नेहमी गंमत वाटते.

पण व्हिस्ट इथे जसाच्या तसा राहिला नाही. व्हिस्टमध्ये पानं एकेक करून डावीकडे वाटतात, आणि वाटणाऱ्याचं शेवटचं पान उघडं टाकून हुकूम ठरतो. आम्ही झुपक्याने वाटतो, उजवीकडे वाटतो. गंजिफाही उजवीकडेच फिरत असे. भिडू आणि हुकूम पाहुण्यांकडून घेतले, पण हाताचं वळण जुनं तेच ठेवलं, असं माझं मत आहे. हुकूम शब्दही फारसीतूनच आलेला, आणि इराणात तर चौघांच्या अशाच एका खेळाचं नावच ‘होक्म’ आहे. सात-शून्यने हरवलं की तेही त्याला ‘कोत’ म्हणतात.

आमच्या ओसरीवर या भानगडीचा निकाल आत्याने दुसऱ्याच दिवशी लावला. शिकाऊ डावात हुकूम हा शब्द उच्चारायचाच नाही. जातीचं नाव घ्यायचं आणि तेही मराठी. शेजारचा मुलगा आता पन्नाशीला आला आहे. त्याच्या घरी दहला पकड रंगात आला की आजही आतून आवाज येतो, “किलवर का दहला रोक के रख!”