यकृताचा जुना आजार आणि इन्सुलिन रेझिस्टन्स : पार्श्वभूमी

सिरोसिसच्या (यकृत घट्ट, चट्टेदार होण्याच्या जुन्या आजाराच्या) रुग्णाची उपाशीपोटी साखर ९५ येते, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ५.४ येते आणि ग्लुकोज दिल्यावर दोन तासांनी तपासली तर साखर २२० निघते. यात लॅबची चूक असेलच असे नाही. यकृताच्या जुन्या आजारात साखर बहुतेकदा याच क्रमाने बिघडते : आधी खाल्ल्यानंतरची, उपाशीपोटीची बरीच नंतर. असे का होते, हे उलगडायला शंभरहून अधिक वर्षे लागली. इन्सुलिन मोजण्याचे साधन जसजसे सुधारले, तसतसे उत्तरही बदलत गेले.

यकृत स्वतः साखर तयार करते, हे क्लोद बर्नार यांनी १८४८ मध्ये दाखवले आणि १८५७ मध्ये ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठवलेला प्रकार, वेगळे काढले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन वैद्य बर्नहार्ड नॉनिन यांनी यकृताच्या आजारातून उद्भवणाऱ्या मधुमेहाची वेगळी नोंद केली. पण इन्सुलिनच सापडले १९२१ मध्ये, त्यामुळे त्याआधी कारण शोधण्याला मर्यादा होत्या. १९३६ मध्ये हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी रुग्णांना एकाच वेळी ग्लुकोज आणि इन्सुलिन देऊन दाखवले, की काहींच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करते आणि काहींच्या शरीरात ते असूनही उपयोग होत नाही. इन्सुलिन रेझिस्टन्सची कल्पना इथून पक्की झाली. पुढे याच हिम्सवर्थ यांनी यकृताच्या आजारांवरही मोलाचे काम केले.

खरे वळण आले १९६० मध्ये. रोझलिन यॅलो आणि सोलोमन बर्सन यांनी रक्तातले इन्सुलिन मोजण्याची रेडिओइम्युनोअ‍ॅसे पद्धत आणली. १९६७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात यकृताच्या जुन्या आजाराच्या रुग्णांवरचा महत्त्वाचा अभ्यास आला. त्यांच्यापैकी अनेकांची साखर वाढलेली होती आणि इन्सुलिनही वाढलेले होते. स्वादुपिंड थकले म्हणून साखर वाढते, हे सोपे उत्तर इथे लागू पडत नव्हते.

मग वाद सुरू झाला : इन्सुलिन जास्त तयार होते की कमी निकाली निघते? स्वादुपिंडातले इन्सुलिन पोर्टल व्हेनमधून (आतड्याकडून यकृतात रक्त नेणाऱ्या शिरेतून) आधी यकृतात जाते आणि पहिल्याच फेरीत त्यातले साधारण निम्मे तिथेच काढून घेतले जाते. सिरोसिसमध्ये पेशी कमी उरतात. शिवाय पोर्टल व्हेनमधला दाब वाढल्यामुळे रक्त आडवाटांनी यकृताला वळसा घालून जाते. याचा निकाल लावायला सी-पेप्टाइड, म्हणजे इन्सुलिन तयार होताना सुटणारा तुकडा, उपयोगी पडले. ते इन्सुलिनच्या बरोबरीनेच स्रवते, पण यकृत ते फारसे काढून घेत नाही. सिरोसिसमध्ये इन्सुलिन जितके वाढते, त्या मानाने सी-पेप्टाइड कमी वाढते. म्हणजे वाढीचा मोठा भाग निचरा न झाल्याचा आहे.

तरी प्रश्न उरलाच. इन्सुलिन इतके असताना साखर उतरत का नाही? त्यासाठी १९७९ मध्ये राल्फ डीफ्रान्झो आणि सहकाऱ्यांनी बसवलेली क्लॅम्प पद्धत लागली. एका शिरेतून ठरावीक वेगाने, शरीराच्या क्षेत्रफळानुसार दर चौरस मीटरला मिनिटाला ४० मिलियुनिट, इन्सुलिन सोडायचे. दुसरीकडून ग्लुकोज द्यायचे, दर पाच मिनिटांनी साखर तपासायची आणि ती ९०च्या आसपास राहील असा ग्लुकोजचा वेग बदलत राहायचा. दोन तासांनी जितके कमी ग्लुकोज लागत असेल, तितका रेझिस्टन्स जास्त. सिरोसिसच्या रुग्णांमध्ये या तपासणीत मुख्य दोष स्नायूंत सापडला : साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवण्याची पायरीच अडत होती. यकृतातून बाहेर पडणारी साखर मात्र इन्सुलिनने बऱ्यापैकी आवरत होती. १९९८ मध्ये आणखी एक दुवा जुळला. औषधाने काही दिवस रक्तातले इन्सुलिन खाली आणल्यावर या रुग्णांची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता सुधारली. निचरा बिघडला की इन्सुलिन वाढते आणि सतत वाढलेले इन्सुलिन स्वतःच रेझिस्टन्स पोसते. बिघडलेला निचरा आणि रेझिस्टन्स एकाच साखळीच्या दोन कड्या निघाले.

याच काळात उलट्या दिशेचाही रस्ता दिसू लागला. १९८० मध्ये मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांनी दारू न पिणाऱ्या २० रुग्णांच्या यकृतात दारूच्या आजारासारखेच बदल नोंदवले. त्यांच्यात लठ्ठपणा आणि मधुमेह बराच होता. इथे रेझिस्टन्स आधी असतो. चरबीच्या पेशींतून सुटलेली मेदाम्ले यकृतात साचतात आणि यकृत स्वतःच साखर सोडणे थांबवत नाही. २०२३ मध्ये या आजाराच्या (फॅटी लिव्हरच्या) नावातच चयापचयाचा बिघाड आणला गेला, हे योग्यच झाले. हिपॅटायटिस सी हा तिसरा रस्ता. १९८९ मध्ये ओळखला गेलेला हा विषाणू इन्सुलिनचा संदेश पेशीच्या आतच अडवतो. गोळ्यांनी तो निघून गेल्यावर बऱ्याच रुग्णांत रेझिस्टन्स उतरतो.

क्लॅम्प रोजच्या दवाखान्यात जमत नाही, म्हणून १९८५ पासून होमा हा सोपा हिशेब चालतो : उपाशीपोटी साखर गुणिले इन्सुलिन, भागिले ४०५. साखर ९५ आणि इन्सुलिन २४ असेल तर ५.६, म्हणजे बरेच जास्त. पण सिरोसिसमध्ये हा आकडा जपून वाचावा, कारण त्यातले इन्सुलिन निचरा कमी झाल्यामुळेही फुगलेले असते. एचबीए१सीवर तर भरवसाच ठेवू नये. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. वाढलेली प्लीहा त्या लवकर मोडते, रक्तस्राव आणि रक्त चढवणे यांची भर पडते आणि आकडा खोटा कमी येतो.

म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी. ८ तास उपाशी राहून, ग्लुकोज २५० ते ३०० मिली पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायचे. दोन तासांनी १४० ते १९९ म्हणजे बिघाड सुरू, २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह. आधीचे तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात गेलेले हवेत. भूक मेलेल्या रुग्णात नेमके हेच राहून जाते आणि निकाल विनाकारण वाईट येतो.

आहाराचा सल्लाही या इतिहासातून बदलला. ग्लायकोजेनचा साठा तुटपुंजा असल्यामुळे सिरोसिसच्या रुग्णाची एका रात्रीची उपासमार निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासाइतकी जड जाते, हे १९८०च्या दशकात कळले. रात्रभरात स्नायू झिजतात आणि साखर उचलणारा मुख्य अवयवच कमी होतो. म्हणून झोपण्यापूर्वी सुमारे ५० ग्रॅम पिष्टमय पदार्थांचे खाणे आणि दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने. साखर वाढेल म्हणून रात्रीचे खाणे तोडणे ही या रुग्णांबाबतची सर्वांत घातक चूक आहे.

औषधांत यकृत किती तग धरून आहे, हे आधी पाहावे लागते. मूत्रपिंड चांगले असेल तर सावरलेल्या सिरोसिसमध्ये मेटफॉर्मिन चालते. जलोदर, कावीळ किंवा गुंगी सुरू झाल्यावर लॅक्टिक अ‍ॅसिडोसिसच्या (रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याच्या) भीतीने ते टाळतात. सल्फोनिलयुरिया गटातल्या (स्वादुपिंडातून जास्त इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या) गोळ्यांनी साखर एकदम खाली जाऊ शकते, कारण ती वर आणणारा ग्लायकोजेन उरलेला नसतो. या टप्प्यावर इन्सुलिनच वापरतात, तेही कमी डोसापासून, आणि पहाटेची साखर मुद्दाम तपासून.