हातांविना तिरंदाजी: मॅट स्टुट्झमन ते शीतल देवी

दोन्ही हात नसलेली भारताची पॅरा तिरंदाज शीतल देवी ज्या पद्धतीने बाण सोडते, तिची सुरुवात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात झाली. मॅट स्टुट्झमनला जन्मापासून दोन्ही हात नाहीत. २०१० च्या सुमारास नोकरी नव्हती, तेव्हा शिकार करून घर भागवावे म्हणून त्याने धनुष्य घेतले. शिकवणारे कोणी नसल्याने पद्धत स्वतःच बसवली आणि २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकमध्ये रौप्य मिळवले. रिओ आणि टोकियोत पदक हुकले. सुवर्ण मिळाले ते २०२४ मध्ये पॅरिसला, चीनच्या ऐ शिनलियांगवर १४९-१४७ अशी मात करून. पंधरा बाणांत चौदा दहा गुणांचे आणि एक नऊचा!

हे सारे कंपाउंड धनुष्यामुळे जमते, आणि कौतुकाच्या भरात नेमके हेच सांगायचे राहून जाते. रिकर्व्हमध्ये, म्हणजे वळलेल्या टोकांच्या साध्या धनुष्यात, दोरी जितकी मागे, तितका भार जास्त, आणि यांत्रिक रिलीजला (ट्रिगर दाबून दोरी सोडणाऱ्या साधनाला) एरवी परवानगी नसते. कंपाउंडच्या टोकांना कॅम, म्हणजे खास आकाराची चाके, असतात. दोरी पुरती मागे आली की भार कमाल भाराच्या साधारण पाव भागावर उतरतो. नियमाने कमाल भार ६० पौंडांपर्यंत चालतो. म्हणजे जोर फक्त खेचताना लागतो, नेम धरताना अंग बऱ्यापैकी मोकळे राहते.

शीतल खुर्चीवर बसते, पायाच्या बोटांनी बाण दोरीत बसवते आणि उजव्या पायाने धनुष्याची मूठ पेलते. उजव्या खांद्याला पट्ट्याने बांधलेला रिलीज दोरीत अडकवला की गुडघा सरळ करत पाय पुढे रेटायचा. दोरी आपोआप मागे येते. मग दोरीतल्या पीपमधून (बारीक भोकातून) धनुष्यावरचा स्कोप (नेम धरायचे भिंग) लक्ष्यावर लावायचा आणि जबड्याने ट्रिगर दाबायचा. सामन्यात एका बाणाला २० सेकंद मिळतात, त्यात हे सगळे बसवावे लागते. लक्ष्य ५० मीटरवर, दहाच्या वर्तुळाचा व्यास ८ सेंटिमीटर.

चुका होतात त्या बहुतेक पायातच. बोटांनी मूठ आवळली की धनुष्याला पीळ बसतो आणि बाण डावी-उजवीकडे विखुरतात. पाऊल उजवीकडे कलले तर बाण उजवीकडे आणि थोडा खाली जातो. स्कोपमधल्या पाणसळीचा बुडबुडा त्यासाठीच पाहायचा. गुडघा शेवटच्या क्षणी ढिला पडला तर बाणाला जोर कमी मिळतो. पट्टा सरकला, किंवा खुर्ची नेहमीच्या उंचीची नसली, की पीप आणि स्कोप एका रेषेत येत नाहीत. सर्वांत महागात पडतो तो जबड्याचा झटका, कारण त्याबरोबर डोकेही हलते.

शीतल जम्मू-काश्मीरमधल्या किश्तवाड जिल्ह्यातली, जन्म १० जानेवारी २००७, फोकोमेलिया या जन्मजात व्याधीमुळे हात नाहीत. लहानपणी झाडांवर चढून पाय आणि कंबर तयार झालेली होती. कटऱ्याच्या अकादमीत कुलदीप वेदवान आणि अभिलाषा चौधरी यांनी तिला घडवले. हात नसलेल्या खेळाडूला शिकवण्याचा अनुभव त्यांनाही नव्हता; आधाराला होते ते स्टुट्झमनचे व्हिडिओ.

त्यानंतरचा वेग थक्क करणारा आहे. जुलै २०२३ मध्ये पिल्सनला जागतिक रौप्य, त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेत दोन सुवर्ण आणि एक रौप्य. पॅरिसच्या क्रमवारी फेरीत ७२० पैकी ७०३ गुण मिळवूनही ती दुसरी आली, कारण तुर्कीच्या ओझनूर जुरेने ७०४ केले. वैयक्तिक स्पर्धेत चिलीच्या मारियाना झुनिगाने तिला १३८-१३७ असे एका गुणाने हरवले. दोनच दिवसांनी, २ सप्टेंबरला, राकेश कुमारच्या साथीने इटलीविरुद्ध १५६-१५५ अशी कांस्यपदकाची लढत तिने जिंकली, तीही एकाच गुणाने. सतराव्या वर्षी ती पॅरालिम्पिक पदक मिळवणारी सर्वांत तरुण भारतीय ठरली.

सप्टेंबर २०२५ मध्ये ग्वांगजूला पुन्हा ओझनूरच समोर होती. या वेळी शीतलने १४६-१४३ अशी बाजी मारून जगज्जेतेपद घेतले. नोव्हेंबरमध्ये जेद्दाच्या आशिया चषकासाठी सुदृढ खेळाडूंच्या भारतीय कनिष्ठ संघातही तिची निवड झाली. तिथेही कंपाउंडचे अंतर ५० मीटरच असते.